पण म्हणू नकोस

कुणी फार गोड बोललं की मीठबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. आणि गेला महिनाभर त्यांचा सख्खा भाचाच साखर पेरत होता.

मीठबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. तरुणपणी त्या ज्या अणुभट्टीवर इंजिनीअर होत्या, ती मिठाची होती. इंधन वितळलेल्या मिठात मिसळायचं आणि ते मीठच नळ्यांतून खेळवायचं. ऐकणाऱ्याला वाटे, बाई थापा मारतायत. भट्टीच्या तळाशी एका नळीत गोठलेल्या मिठाचं बूच होतं. ते गोठलेलं राहावं म्हणून एक पंखा त्याच्यावर सतत वारा घालायचा. वीज जाऊ दे नाहीतर पंखा बंद पडू दे, बूच आपोआप वितळायचं आणि सगळं मीठ खालच्या टाक्यांत उतरून गपगार व्हायचं. सुटीच्या आदल्या दिवशी मंडळी पंखा बंद करून खुशाल घरी जात.

अशी गुणाची भट्टी बंद पाडली, आणि ती कशी पाडली हे बाई अजूनही दातओठ खात सांगत. नळ्यांच्या धातूला बारीक भेगा पडायला लागल्या होत्या, ते खोटं नव्हतं. बाईंच्या साहेबांनी सरकारी समितीपुढे सरळ सांगून टाकलं, "भेगा पडतात, पण धातूत थोडा बदल केला की थांबतात." संध्याकाळी रेडिओवर साहेबांचा आवाज आला तो 'भेगा पडतात' एवढाच. लगेच ऊर्जामंत्र्यांनी जड अंतःकरणाने भट्टी बंद करत असल्याचं जाहीर केलं. जड अंतःकरण कसलं डोंबलाचं! पाण्यावर चालणाऱ्या मोठ्या भट्ट्यांचा कारखाना त्यांच्याच मतदारसंघात निम्माअधिक उभा राहिला होता. साहेबांनी त्या दिवसापासून हाय खाल्ली आणि त्यातच ते गेले.

आता भाच्याचं. बहिणीच्या मागे बाईंनी या गुंड्याला लहानाचा मोठा केला, आणि गुंड्याने नोकरी धरली ती नेमकी पाण्याच्या भट्ट्या विकणाऱ्या कंपनीत, प्रसिद्धी खात्यात. तेव्हा बाईंनी अबोला धरला होता. पुढे पोराच्या मायेपुढे तो टिकला नाही, ती गोष्ट वेगळी. हल्ली काही तरुण मंडळींनी मिठाच्या भट्टीला नव्याने परवानगी मागितली होती आणि निर्णय अगदी तोंडावर आला होता. बरोबर त्याच वेळी कंपनीला जुन्या शास्त्रज्ञांवर माहितीपट काढायची उबळ यावी, आणि त्यात बाईंनी बोलावं म्हणून गुंड्याने गोडीगुलाबी करावी? पाणी कुठेतरी मुरत होतं.

कंपनीची निवेदिका तयारीसाठी घरी येऊन गेली. भेगा कुठे पडल्या, कधी पडल्या, कुणाला आधी दिसल्या, सगळं खोदून खोदून विचारलं. पंख्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. ज्याला या भट्टीचं खरंच कौतुक आहे तो आधी पंख्याचं विचारेल, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. नकार द्यावा तर साहेबांची बाजू सांगायला त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. त्यांनी होकार दिला.

चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी ऑफिसातून गुंड्याचा फोन आला. आवाज दबलेला. "मावशी, उद्या एकच कर. कुठेही 'पण' म्हणू नकोस." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

बाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. म्हणजे कंपनी सांगेल त्याला मान डोलवायची! सकाळी कंपनीच्या गाडीत ड्रायव्हरच्या देखत त्यांनी भाच्याला सुनावलं, "खाल्ल्या मिठाला जागला नाहीस. तुला वाढवला हीच माझी चूक." गुंड्याने ड्रायव्हरला पुढचं वळण दाखवलं.

स्टुडिओ म्हणजे काळ्या पडद्यांची एक गार खोली. निवेदिकेने बाईंच्या खांद्याशी माईक लावला, उशी हवी का विचारलं. कॅमेऱ्यापाशी उभा असलेला गुंड्या म्हणाला, आधी नुसती तालीम घेऊ, कॅमेरा मग सुरू करू. पोपटासारखं पढवतोय मला, बाई मनात म्हणाल्या. भाच्याची जिरवायची म्हणून प्रत्येक वाक्यात 'पण' घालायचा त्यांनी पणच केला होता.

निवेदिकेने भेगांचं विचारलं. बाई म्हणाल्या, "भेगा पडत होत्या, पण—"

निवेदिकेचा हात वर झाला. छान, मॅडम, एवढं पुरे, म्हणाली. बाईंनी पुन्हा तेच वाक्य धरलं. हात पुन्हा वर झाला, आणि तोही नेमका त्याच जागी. बाईंना एकदम तो रेडिओ आठवला. त्यांनी गुंड्याकडे बघितलं. त्याने जेमतेम दिसेल इतपत होकाराची मान हलवली.

पोरगं गप्प बसायला सांगत नव्हतं. कात्री कुठे चालणार, ते सांगत होतं. गाडीतलं आपलं बोलणं आठवून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लाल दिवा लागला. निवेदिकेने गोड हसून विचारलं, "तर मॅडम, भेगा पडत होत्या ना?"

"धातूत थोडा बदल केल्याबरोबर थांबल्या त्या भेगा," बाई म्हणाल्या.

वाक्य पुढून कापा नाहीतर मागून कापा, कंपनीच्या हाती काही लागेना. निवेदिकेने फिरवून फिरवून विचारलं, बाईंनी प्रत्येक वेळी आधी उपाय सांगितला आणि मग भेग. शेवटी निवेदिका म्हणाली की भट्टी धोक्याची होती का, फक्त हो किंवा नाही म्हणा. त्यावर बाईंनी विचारलं, "पंखा बंद केला की आपली आपण झोपणाऱ्या भट्टीबद्दल विचारताय ना?"

निवेदिकेचं हसू मावळलं. "मॅडमना कुणीतरी पढवून आणलेलं दिसतंय," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिने बाईंकडे बघितलंच नाही. ती गुंड्याकडे बघत होती. मग तिने चित्रीकरण थांबवलं आणि त्याला एकट्याला आतल्या खोलीत बोलावलं.

परतीला गाडी मिळाली नाही. बसथांब्यावर बाईंनी भाच्याचा दंड धरला. सरळ सांगायला काय झालं होतं, म्हणून चिडल्या. तो म्हणाला, कात्रीचं कळलं तेच काल, ऑफिसात, आणि रात्रभर तिथेच अडकलो; फोन ऑफिसचा होता, आणि ड्रायव्हरही त्यांचाच. बाईंना रडू आवरेना. जन्मभर ज्याच्या त्याच्यावर संशय घेतला, तेव्हा एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

"नोकरी गेली का रे?"

"गेली, पण—" गुंड्या म्हणाला आणि सवयीने थांबला.

"बोल की. इथे कोण कात्री घेऊन बसलंय?"

बस येईपर्यंत तो बोलत राहिला, आणि मीठबाईंनी त्याला मध्ये एकदाही तोडलं नाही.