झोपेचा रकाना

सिस्टर बीपीचा पट्टा घेऊन आली तसा अविनाशरावांनी शर्टाची बाही दुमडून हात पुढे केला. तिनेही तो गुंडाळला, फुगवला आणि कागदावरचं नाव वाचून ती थांबली.

"काका, आमां तो मंदाबेन लख्युं छे."

कागदावर नाव बायकोचं होतं, आणि मंदाबाई बाहेरच्या बाकावर मांडीवर फाइल आणि पाण्याची बाटली घेऊन बसल्या होत्या. सात वर्षांपूर्वी, सत्त्याण्णव साली, नवऱ्याचं बायपास झालं तेव्हाही त्या तिथेच बसायच्या. आता सहा आठवड्यांपूर्वी तेच ऑपरेशन त्यांचं झालं होतं. जागा मात्र दोघांनीही बदलल्या नव्हत्या.

व्यायाम शिकवणाऱ्या दीप्तीने त्यांना कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. तिसऱ्या फेरीला मंदाबाईंनी भिंत धरली.

"काकू, घरी किती चालता?"

"चालते की. ओटा ते बाल्कनी, दिवसभर."

"ते चालणं धरत नाहीत. असंच राहिलं तर पुन्हा ॲडमिट व्हावं लागेल." मग ती अविनाशरावांकडे वळली. "यांना फिरायला कोण नेतं?"

अविनाशराव चष्मा पुसत राहिले.

त्यांच्या वेळी तीन महिने त्यांनी पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलला नव्हता. प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसातले लोक भेटायला आले की छातीवरचा व्रण दाखवून 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं' म्हणायचे. मंदाबाई त्यांना रोज कमाटीबागेत फिरवून आणत आणि घरी येऊन वहीत लिहीत. मिनिटे, दम, झोप, भूक असे चार रकाने. डॉक्टरांनी ती वही इतर पेशंटना दाखवली होती, आणि कौतुक अविनाशरावांनी घेतलं होतं.

या वेळी मुग्धा पुण्याहून पंधरा दिवस येऊन राहिली. लेक गेली त्याच संध्याकाळी मंदाबाईंनी गॅस पेटवला. अविनाशराव 'राहू दे' म्हणाले होते. चहा आला तेव्हा मात्र त्यांनी घेतला होता. आता त्यांना त्या चहाची लाज वाटली, आणि नंतरच्या सगळ्या चहांचीही.

परतताना त्यांनी शंभर पानी वही घेतली. संध्याकाळी मंदाबाई कुकर लावायला निघाल्या तर त्यांना हाताला धरून बागेत नेलं. मंदाबाई दोनदा बाकावर बसल्या. घरी आल्यावर अविनाशरावांनी वही पुढे केली.

"लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

मंदाबाईंनी न विचारता चार रकाने आखले आणि भराभर लिहिलं. अविनाशरावांनी वाकून पाहिलं. मिनिटे दहा. दम लागला नाही. झोप, दुपारी एक तास. भूक बरी.

दुपारी एक तास ते स्वतः झोपले होते.

"मंदा, हे तू माझं लिहिलंस."

"अगं बाई." त्या ओशाळल्या. "सवय हो. खोडते."

"राहू दे. दे इकडे."

त्यांनी खालच्या ओळीवर 'मंदा' असं लिहिलं. मिनिटे दहा. दम लागला, दोनदा. एवढं त्यांनी आज डोळ्यांनी पाहिलं होतं. झोपेच्या रकान्यात पेन थांबलं. महिनाभर दोघं एकाच खोलीत झोपत होते.

"झोप लागते का गं तुला?"

मंदाबाईंनी आधी टेबलावरचं पेनाचं टोपण शोधून त्यांच्यासमोर ठेवलं.

"आडवं व्हायला भीती वाटते. छाती ओढते. खुर्चीत बसून राहते, पहाटे लागतो डोळा."

"कधीपासून?"

"घरी आल्यापासून. तुमची झोप मोडू नये म्हणून दिवा नाही लावत."

अविनाशरावांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्या पाठीवर मंदाबाईंची शाल होती. ही शाल रोज सकाळी खुर्चीवर का पडलेली असते, जरा जागच्या जागी ठेवत जा, असं त्यांनी परवाच त्यांना ऐकवलं होतं.