टोकाचा सेन्सर

निरवांगीच्या पेरूच्या बागेत विहिरीपासून पार टोकापर्यंत प्राचीनं सेन्सर रोवले होते. एकालाही बॅटरी नव्हती! विहिरीजवळचा डबा हवेतून लहरी सोडायचा, त्यांवर सेन्सरांनी पोट भरायचं आणि पाळीपाळीनं मातीतली ओल मोबाईलवर कळवायची. बारामतीच्या कॉलेजात हे ऐकून पोरं हसली होती. हसोत बापडी!

तिनं हे खूळ घेतलं होतं वडिलांसाठी. विहीर सामाईक, मोटारीचे तास दोन्ही भावांत सारखे वाटलेले. थोरले विजयसिंहआबा विहिरीलगत, धाकटे जोतीरामतात्या, म्हणजे प्राचीचे वडील, टोकाला. टोकाची झाडं तहानलेली राहतात, असं तात्या वर्षानुवर्षं सांगत आले. "तास सारखंच हायत की!" हे आबांचं ठरलेलं उत्तर. आज ते स्वतः तात्यांसोबत बघायला आले होते. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानतील तर ते आबा कसले!

जवळचे सेन्सर धडाधड बोलले. टोकाचा मात्र मुका.

"तुजं यंत्रबी माज्याच बाजूचं दिसतंय," आबा मिशीत हसले.

प्राची टोकाच्या सेन्सरपाशी वाकली. सेन्सर हलवून पाहिला, ठाकठीक होता. मग तिनं वेळापत्रक उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. या घरात वाढलेली पोर दुसरं काय करणार? तिनंही सगळ्यांना सारखाच वेळ वाटला होता! टोकाच्यापर्यंत लहरी पोचायच्या थोड्या, आणि लांबून ओरडायचं त्यालाच.

आबा जायला वळलेच होते. "आबा, थांबा! जाऊ नका!"

तिची बोटं भराभर चालली. डब्यानं आधी जास्त वेळ लहरी सोडायच्या. जवळच्यांनी हळू आवाजात, झटपट सांगून मोकळं व्हायचं. उरलेला सगळा वेळ टोकाच्याला.

तिघांनी मोबाईलवर माना वाकवल्या. काहीच नाही. मग एकदम आकडा उमटला.

"बोलला! तात्या, बोलला!" प्राची बांधावर नाचायलाच लागली. तात्यांना तर हसावं की रडावं कळेना.

आबांनी आकडे निरखले. तात्यांची पाळी कालच झाली होती, तरी टोकाची माती कोरडी ठाक.

"काय केलंस गं आत्ता?"

"टोकाच्याला वेळ वाढवून दिला, आबा. त्याचं निम्मं वाटंतच जिरतं."

आबांनी विहिरीपासून टोकापर्यंत गेलेल्या मातीच्या पाटावरून नजर फिरवली. मग मोटारीच्या पेटीकडं निघाले.

"जोत्या," ते न वळताच म्हणाले, "आज पाळी माजी हाय. पर पाणी तुज्याकडं सोडतो. जा, पाटाची दारं धर."