कोऱ्या चपलांचा फोटो

“आई, वस्तीत नळाला पाणी येईस्तोवर पायात चप्पल घालायची नाय,” असा नवस पुतळाबाईंनी वणीच्या सप्तशृंगीला केला होता. त्याला तीन वर्षं होत आली, तेव्हा माझा जन्म झाला. मी त्यांचाच फोटो बोलतोय. काळा-पांढरा, वीतभर लांब, कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेला.

पुतळाबाईंची वस्ती नाशिकच्या कडेला, पेठ रस्त्यावर. घरामागं शेवंतीचे दोन वाफे. फुलं पंचवटीत विकायला न्यायची ती अनवाणी, आणि लांबच्या विहिरीवरून हंडा आणायचा तोही अनवाणीच. वस्तीत तोटी होती, पण ती नुसती उभी असायची. आसपासच्या चार वस्त्यांना बाईंचा नवस ठाऊक होता. तापल्या डांबरावरून त्यांना येताना पाहिलं की लोक आपण होऊन सावलीची बाजू सोडत.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात निवडणूक आली. एके सकाळी तोटीला फुलांची माळ घातली गेली. उमेदवार आले, कार्यकर्ते आले, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला जयराम फोटोवाला आला. तोटी फिरवली आणि खरंच पाणी आलं! पुतळाबाईंनी हात जोडले. डोळे पुसत त्या घरात गेल्या, देवीपुढं नारळ फोडला, मगच हंडा घेऊन आल्या.

एका कार्यकर्त्यानं पिशवीतून कोरी चप्पल काढली. “मावशी, आता घाला. फिटला ना नवस?”

बाईंना केवढं कौतुक वाटलं! आपला नवस या माणसांच्याही ध्यानात आहे! त्यांनी चप्पल घातली. तीन वर्षांत पाय पसरले होते, पट्टा करकचून बसला. “मावशी, हसा जरा,” जयराम म्हणाला, आणि कॅमेऱ्याची कळ वाजली.

लाल दिव्याच्या खोलीत, औषधाच्या पाण्यात मी हळूहळू उमटलो. आधी हंडा, मग हसू, शेवटी चपला. माझ्यावरून छापखान्यात हजारो पत्रकं निघाली, खाली ‘नळ आला, नवस फिटला’ असं छापून. मला मात्र जयरामनं बाईंच्या हाती आणून दिलं. बरा माणूस होता. सांगितलं तेवढंच त्यानं टिपलं.

दुसऱ्या दिवशी तोटीतून नुसती हवा आली. तिसऱ्या दिवशी तीही नाही.

शेजारच्या अक्काबाई मारुतीच्या देवळामागं जाऊन आल्या. तिथं टँकरच्या चाकांचे माग होते आणि जमिनीतून वर आलेला नळीचा तुकडा. “काय गं पुतळे,” त्या म्हणाल्या, “तुला पाणी देवीनं पाजलं का टँकरवाल्यानं?”

पुतळाबाई म्हणाल्या, “अक्का, मी देवीला सांगून बसले गं, नवस फिटला म्हणून. नारळ फोडला. माझ्या तोंडून देवीपुढं खोटं गेलं.” त्यांनी तिथंच चपला काढल्या.

पण पत्रकातल्या चपला कोण काढणार? शेजारच्या वस्तीतल्या बाया म्हणायच्या, “तुमच्याकडं आलंय की. पुतळाबाई काय उगाच चप्पल घालतेय का?” ज्या नवसामुळं लोकांनी बाईंवर विश्वास ठेवला, त्याच नवसामुळं लोक माझ्यावर विश्वास ठेवू लागले. मी खोटं काही दाखवलं नव्हतं. पाणी होतं, हंडा होता, हसूही खरं होतं. टँकर तेवढा माझ्यात मावला नव्हता.

निवडणूक सरली. अक्काबाईंना घेऊन पुतळाबाई पाण्याच्या कचेरीत गेल्या. मी पदराखाली होतो. तिथल्या साहेबांच्या टेबलावर तेच पत्रक पडलेलं.

“तुमच्या वस्तीचं काम झालंय,” साहेब म्हणाले. “आता नवी पाइप कशाला टाकायची? या तुम्हीच ना? नवस फिटल्याच्या चपला घातल्यात.”

“साहेब, हे खोटं हाय.”

“बाई, फोटो कधी खोटं बोलतो का?”

मी पदराखाली शरमलो. पुतळाबाईंनी मला काढून टेबलावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, “फोटोत नका बघू, साहेब. खाली बघा.”

साहेब खुर्चीतून उठले, टेबलावरून वाकले. फरशीवर दोन पाय होते. टाचांना भेगा, बोटांना डांबर.

“आता देवीची शपथ घालते,” बाई म्हणाल्या, “एकदा येऊन तोटी फिरवून जावा.”

साहेब आठवड्यानं आले. तोटी फिरवली, कान लावला, वहीत लिहून घेतलं. पाइप पडायला आणखी दोन पावसाळे गेले. पाणी आलं ते दिवसाआड, बारीक धारेनं. त्या दिवशी ना माळ होती, ना कॅमेरा. पुतळाबाई आठवडाभर थांबल्या, रोज तोटी फिरवून बघितली, मग गडावर अनवाणी जाऊन ओटी भरली आणि उतरल्यावर बाजारातून स्वतःच्या पायाच्या मापाची चप्पल घेतली.

आता मी पिवळा पडलोय. बाईंनी मला देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवलंय. कुणी विचारलं तर म्हणतात, “साक्षीला असू दे. पुन्हा घाईनं नारळ फुटायला नको.” त्या दिवसापासून त्यांनी दुसरा नेम धरलाय. पुढाऱ्यासोबत कुणा गरिबाचा हसरा फोटो दिसला, तर त्या माणसाला भेटून विचारल्याशिवाय ते खरं मानायचं नाही. पाळायला अवघड आहे, चालावं लागतं. पण त्या चालतात.

तुम्हीही एवढा नेम धरा. माझ्यासारखे पुष्कळ येतील तुमच्या हाती. आम्हाला फाडू नका, आमच्यावर रागावूही नका. आमच्यातला माणूस कुठं राहतो ते विचारा, तिथवर जा, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू बघून झालं की एकदा खाली बघा, त्याच्या पायांकडं.