कप विसळणाऱ्याचं मत

आमच्या इमारतीच्या सिनेमा मंडळाचा एकच कायदा आहे. सिनेमा संपला की गोल बसून प्रत्येकानं मत द्यायचं, आणि ज्याला मत नसेल त्यानं सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. कप कायम मीच विसळतो. घरात मत द्यायची सवय नाही, ती बाहेर कुठून येणार?

त्या रविवारी मात्र भीती होती, आपण बोलून जाऊ याची. कारण मंडळात लावणार होते तो हेराचा जुना युद्धपट मी नुकताच थिएटरात पाहिला होता, भर दुपारी, आमच्या लेकीबरोबर. आणि लेकीला भेटायचं नाही, असा आमच्या हिचा हुकूम होता. नवऱ्याचं घर सोडून पोरगी बॅग घेऊन आली, तेव्हा हिनं कडी काढलीच नाही. "आधी तुझं घर सांभाळ," एवढंच दाराआडून म्हणाली. मीही आतच उभा होतो, तोंडात मूग धरून. तेव्हापासून दर गुरुवारी मी गुडघ्याच्या व्यायामाला जातो असं सांगून पोरीला भेटतो.

हिला संशय होताच. सिनेमा पाहून आलो त्या गुरुवारी माझा शर्ट हुंगून म्हणाली, "हल्ली गुडघ्याला पॉपकॉर्न चोळतात वाटतं?"

"दवाखान्याच्या खाली दुकान आहे," मी म्हटलं.

"असेल बाई." ती "असेल बाई" म्हणाली की समजावं, चौकशी सुरू झाली.

तर सिनेमा. नायक आपल्याच देशाचा हेर, पण शत्रूचा गणवेश घालून फिरतो. सगळं गाव त्याला फितूर समजतं, सख्खी आईसुद्धा. शेवटी गोळी लागलेला तो आईच्या दाराशी येतो. आई फटीतून बघते आणि दार उघडत नाही. नेमकं तिथंच चित्र अडकलं. मंडळाच्या अध्यक्षांनी यंत्राला दोन चापट्या मारल्या, तबकडी काढून पुसली, पुन्हा घातली. काही नाही. तबकडी त्यांच्या खास संग्रहातली! घसा खाकरून म्हणाले, "हाच शेवट आहे. मोठे दिग्दर्शक असंच सोडून देतात."

मी ओठ घट्ट मिटले.

मतं सुरू झाली. दातांच्या डॉक्टरीणबाईंना संगीत आवडलं. लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक म्हणाला, "शत्रू इतके बावळट असते तर युद्ध कधीच आटपलं असतं! हेराचे बूट वेगळे आहेत, एकाला दिसू नये?" सगळे हसले. मग निवृत्त नर्सबाईंची पाळी आली.

"बाकी सगळं ठीक. पण ती आई? आई कसली, धोंडा! पोटचा पोर दारात तळमळतोय आणि हिच्यानं कडी निघत नाही?"

पुढची पाळी हिची. "तिला काय ठाऊक तो हेर आहे ते?" ही म्हणाली. "तिला दिसतोय तो फितूर. चार लोकांत तोंड दाखवायचं की नाही तिनं?"

"लोक गेले खड्ड्यात. आधी दार उघडायचं, मग काय ते विचारायचं," नर्सबाई म्हणाल्या.

"काळीजच नाही त्या बाईला," डॉक्टरीणबाईंनी री ओढली. सगळ्यांनी माना हलवल्या. नर्सबाईंना आमच्या घरातलं काहीएक ठाऊक नव्हतं, पण हिनं अर्धा प्यालेला कप तसाच खाली ठेवला. मी तिला ओळखतो. चारचौघांत ती रडणार नाही, पण आतून तुटली होती. मला बघवेना.

"अहो, पण शेवटी उघडते ती!" मी ओरडलो.

अध्यक्ष कानापर्यंत लाल झाले. मेकॅनिक माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही आधी पाहिलाय?"

"नाही रे. म्हणजे, उघडत असेल असं आपलं वाटतं."

"वाटतं नाही. 'उघडते' म्हणालात."

हिनं फक्त माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं कप गोळा करायला उठलो.

"बसा," ती म्हणाली. "आज तुम्ही मत दिलंय."

घरी येऊन मी दार लावेपर्यंत तिनं धीर धरला. "कुणाबरोबर पाहिलात?"

"पोरीबरोबर."

आता आभाळ कोसळणार म्हणून मी भिंतीला टेकलो. पण ती चपला काढायच्या स्टुलावर बसली. "कशी आहे?"

"बारीक झालीये. नोकरी करते. एक खोली घेतलीय."

"आणि ती उघडते ना? नक्की?"

"नक्की. बराच वेळ लावते, पण हा उभाच राहतो. मग उघडते."

"ते बघून पोरगी काय म्हणाली?"

खोटं सांगता आलं असतं. गुरुवारांनी मला त्यात चांगलंच तरबेज केलं होतं. पण मला शरम वाटली. "म्हणाली, 'बाबा, हे सिनेमातच होतं.'"

ती किती तरी वेळ चपलेचा पट्टा कुरवाळत राहिली. मग उठली. "पत्ता द्या."

"मी येतो ना बरोबर."

"काही नको. एक गुपित पोटात राहत नाही, म्हणे हेर!"

मी पत्ता सांगितला. ती जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि मला राहवलं नाही. "अगं, पण तिनं दार नाही उघडलं तर?"

ती थांबली. मागं वळली नाही.

"तर उभी राहीन," ती म्हणाली.