पुरावा म्हणून धरलेलं घड्याळ

साहेब, वडिवळ्याच्या महिपतीला तुम्ही चोर ठरवलंत, आणि पुरावा म्हणून बोट दाखवलंत ते माझ्याकडे. मला कुणी काही विचारलंच नाही. आता मी बोलणार आहे. मित्रांनो, तुम्हीही ऐका.

मी एक जुनं गजराचं घड्याळ आहे. विलायतेत घडलो, बोटीनं मुंबईला उतरलो आणि लोणावळ्याला अरुंधतीबाईंच्या घरी आलो. त्यांचे यजमान रेल्वेत होते. पहाटेच्या पाळीला मी त्यांना उठवायचो. ते वारले आणि माझा गजर बंद झाला. पण बाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या, त्या मला किल्ली द्यायला कधी चुकल्या नाहीत.

मग महिपती बाईंकडे शिकवणीला आला. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झालेला. मॅट्रिकवाचून कॉलेजचं दार उघडत नव्हतं, आणि घरच्यांनी आणखी एकदाच बसायची मुभा दिली होती. नंतर जन्मभर भातखाचरं. उतारा त्याला कळायचा, पण वेळेत संपायचा नाही. बाईंनी मला समोर ठेवून त्याला वाचायला लावलं. गडी एक ओळ वाची आणि थांबे.

"कुणासाठी थांबतोस रे?"

"अर्थासाठी, बाई."

श्रावणात गावच्या देवळात पोथी तोच वाचायचा. त्यानं एक ओवी वाचायची, दत्तोबा आबांनी अर्थ सांगायचा, मग पुढची. तीच सवय इंग्रजीत शिरली होती.

"इथं आबा नाहीत," बाई म्हणाल्या. "अर्थ तुझा तूच उचलायचा, पळता पळता."

वर तो पुटपुटायचाही. बाईंनी त्यावर उपाय काढला. तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि वाचायचं, म्हणजे ओठ हलत नाहीत. पहिल्याच दिवशी एका लांबलचक शब्दाशी तो अडखळला आणि सगळी चूळ माझ्या तबकडीवर.

"घड्याळाला अंघोळ झाली," बाई म्हणाल्या. "आता उतारा वाच."

आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा, हेही त्यांनीच शिकवलं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत हेच चाललं. शेवटी माझा मोठा काटा जेमतेम सरके, तोवर त्याचा उतारा संपलेला असे. बाई मला पदरानं पुसून म्हणाल्या, "दोघंही कामाचे निघालात."

परीक्षेला पुण्याला त्यांनी मला त्याच्याबरोबर धाडलं. पर्यवेक्षकानं मला आपल्या टेबलावर ठेवून घेतलं. महिपतीनं पाणीवाल्याकडून पाणी घेतलं, चूळ धरली आणि वाचायला लागला. तेवढ्यात तुम्ही, परीक्षेचे मोठे साहेब, फेरी मारत आलात. बाकीच्यांचा पहिला परिच्छेद चालला होता, हा उत्तरं लिहीत होता. तुम्ही आधी त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलंत, मग माझ्याकडे बोट केलंत.

"इतक्यात झालं? हा उतारा आधी कुठं पाहिलास?"

त्यानं घाईनं पाणी गिळलं. ठसका लागला, डोळे भरून आले.

"न्हाई साहेब... बाईंनी..."

"बाईंनी दाखवला. बरं." आणि उत्तरपत्रिका ओढून घेतलीत. त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन तुमच्या कचेरीत आल्या. म्हणाल्या, तुमच्या मनाला येईल तो दुसरा उतारा द्या, घड्याळ लावा, तुमच्यादेखत वाचू दे त्याला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तशी तरतूद नाही."

बाईंनी मला महिपतीकडेच राहू दिलं. आता मी वडिवळ्याला त्याच्या घरी कोनाड्यात पडलोय. त्याची आई नंदाबाई माझ्यावर कुंकवाची डबी ठेवते. किल्ली कुणी देत नाही. महिपती माझ्याकडे पाठ करून जेवतो. गावात त्याला अजून विचारतात, "खरं सांग गड्या, कुटं घावला व्हता पेपर?"

मित्रांनो, घड्याळाची निगा राखा म्हणून मी तुम्हाला विनवणार नाही. माझा गंज मी सोसतो. माझं मागणं साहेबांकडे आहे.

साहेब, हळू वाचलं तेव्हा तुम्ही त्याला नापास केलंत, भराभर वाचलं तेव्हा चोर. त्यानं वाचायचं तरी कसं? वडिवळ्याजवळ कामशेतला गाडी थांबते. कुणीही न पाहिलेला उतारा घेऊन या, मला किल्ली द्या आणि त्याच्यासमोर बसा.

येता की नाही?