जाळी हलली नाही

“ज्यानं सोडलं, त्यानं बांधायचं!”

हा आवाज रजनीआत्याचा. मी पुरती विणूनही झाले नव्हते, तेव्हा पडलेला. मला कान नाहीत, नुसते डोळेच डोळे आहेत, तरी तो आवाज माझ्या गाठीगाठीत बसलाय. मित्रांनो, मी एक सुतळीची जाळी. फुटबॉलच्या गोलाला मागून बांधतात ना, ती. माझं वय झालंय, रंग उकळलेल्या चहासारखा आहे आणि अंगाला तागाचा वास येतो. येऊ दे. “बिच्चारी” म्हणून माझ्याकडे बघितलेलं मला मुळीच खपत नाही. आठ देशांच्या सतरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा कोलकात्यात झाली. तिचा चषक कुणी नेला, ते पेपरात आलं. मी सांगतेय ते आलं नाही.

माझा जन्म डमडमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधला. तेजस्विनीचे बाबा, विनायकराव, बजबजला तागाच्या एका गिरणीच्या कचेरीत नोकरीला. लेक गोलरक्षक, आणि मैदानावरच्या गोलाला जाळीच नाही. सुटलेला प्रत्येक चेंडू मागच्या झुडपांत. शेवटी त्यांनी सुतळीची बंडलं आणून टाकली आणि विणायला बसली त्यांची बहीण, रजनीआत्या. कोकणातल्या किनाऱ्यावर तिची हयात जाळी विणण्यात गेलेली. हातात बोटभर लाकडी सुई, मांडीवर सुतळी आणि तोंडात ओवी:

पहिली माझी गाठ खाऱ्या गं पाण्याला,
दुसरी वाऱ्याला, बांध बाई.
तिसरी माझी गाठ भाचीच्या हाताला,
राहिल्या बोलाला सोड बाई.

आत्यानं जन्मभर मासळीचीच जाळी विणलेली. हाताला तेवढंच ठाऊक. त्यामुळे माझे गाठींमधले डोळे निघाले चार बोटांचे. वर तिनं मला गावाहून आणलेल्या सालीच्या काढ्यात बुडवलं, इथल्या पावसात कुजू नये म्हणून. मला मैदानावर टांगलं त्या दिवशी कठड्यावर बसलेल्या बंगाली काकांना हसू आवरेना.

“माशीमा, इलिश धरणार की काय?”

“इलिशला काटे फार,” आत्या म्हणाली. “आम्ही चेंडू धरू.”

आणि धरले! चार पावसाळे धरले. माझं काम गोलरक्षकाच्या मागे उभं राहायचं, म्हणून मला माणसांची तोंडं फारशी ठाऊक नाहीत, पाठी ठाऊक आहेत. तेजूची पाठ तर पाठच. घाबरली की तिचे खांदे कानांपर्यंत चढतात. चेंडूनं माझा एखादा डोळा फोडला की आत्या लाकडी सुई तिच्या हातात द्यायची. ज्यानं सोडलं, त्यानं बांधायचं. त्याच दिवशी, उजेड आहे तोवर.

चेंडू मारायला समोर असायची झुमा. बजबजहून लोकलनं यायची, सियालदहला गाडी बदलून. डावा पाय असा, की मी शहारायची. “गोली, सांभाळ गं, आत्या ओवर टाइम करायला लावेल!” असं ओरडून मारायची. दोघींची मैत्री घट्ट होती.

मग त्या स्पर्धेची बातमी आली. आपल्या देशाच्या संघासाठी शिबिर लागलं, आणि मैदानं कमी पडली म्हणून शेवटची निवड चाचणी आमच्याच मैदानावर ठरली. आदल्या दिवशी झुमाच्या एका फटक्यानं माझ्या डाव्या कोपऱ्यातल्या पाच डोळ्यांचा मिळून एकच डोळा झाला.

“तेजू, सुई घे,” आत्या म्हणाली.

“उद्या करते ना, आत्या. आज हात दुखते.” तिचं मराठी असंच, अर्ध्या वाटेत बंगाली होणारं. आणि तो उद्या काही उजाडला नाही.

चाचणीत शिट्टी बर्णालीदींकडे होती, संघाच्या प्रशिक्षक. सामना संपत आलेला, गोल एकही नाही. तेवढ्यात झुमानं गर्दीतून जमिनीलगत मारला. चेंडू तेजूच्या हाताखालून गेला, रेषेच्या आत आला आणि त्या भोकातून सरळ मागे झुडपांत. माझा एक धागासुद्धा हलला नाही.

“गोल! दीदी, गोल!” झुमा नाचायला लागली.

“गोल असता तर जाळी हलली नसती?” बर्णालीदींना मधल्या मुलींमुळे दिसलंच नव्हतं. “तेजस्विनी, तू जवळ होतीस. सांग.”

तेजूनं तर मान वळवून पाहिलं होतं! पण तिचे खांदे चढले. कानांपर्यंत.

“मला दिसलं नाही, दीदी.”

एकही गोल न खाल्लेली तेजस्विनी संघाची पहिली गोलरक्षक झाली. एकही गोल न केलेली झुमा राखीव. म्हणजे सराव करायचा, आणि सामन्याच्या दिवशी घरी. मैदानावर सगळे म्हणाले, जुनाट जाळीचा काय भरवसा! मला राग आला, अजून येतो. मी कुजले नव्हते. मला बांधायचं राहिलं होतं. यात फार फरक आहे, मित्रांनो.

स्पर्धेसाठी आमचं मैदान सरावाला घेतलं आणि पांढऱ्याशुभ्र नायलॉनच्या जाळ्या आल्या. मला कापून खाली टाकलं. “फेकून द्या,” कुणीतरी म्हणालं. आत्यानं मला उचलून घरी नेलं, कापलेल्या कडा काढल्या आणि माझी चेंडूंची पिशवी केली. दहा चेंडू मावतील एवढी! ते भोक समोर आलं तेव्हा तिनं तेजूकडे बघितलं.

“हे कधीचं?”

“चाचणीच्या आदल्या दिवशीचं.”

आत्यानं भोकात हात घालून पाहिला. मग पिशवीच्या गळ्याला सुतळीची एक गुंडाळी आणि लाकडी सुई बांधून दिली. “मी नाही शिवणार. ज्याचं त्यानं बघावं.”

तर मी फुटकीच शिबिरात गेले. ज्या पांढऱ्या जाळ्यांसाठी मला उतरवलं त्या खांबांना अडकून राहिल्या, आणि मी खेळाडूंच्या बसमधून, खेळाडूंच्या दारानं, मोठ्या स्टेडियमात शिरले. दर खेपेला एक चेंडू त्या भोकातून निसटायचा. पोरी खिदळायच्या, “तेजूची पिशवीपण गोल सोडते!” तेजूच तेवढी हसायची नाही. रोज एकदा तिचा हात सुईकडे जायचा आणि मागे यायचा.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायची आमच्यात रीत आहे. मी ते सांगणार नाही. मला कपाटात घालून जपू नका, वापरा, फोडा. फक्त फाटलेलं त्याच दिवशी बांधा. दुसऱ्या दिवशी भोक तेवढंच असतं, पण त्यातून जाणारी गोष्ट मोठी होते.

पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. गॅलरीत आठ देशांचे झेंडे चढत होते. सहाच्या आत तेवीस नावांची यादी द्यायची होती. बर्णालीदींनी ती वाचून दाखवली. झुमाचं नाव नव्हतं. तिनं शांतपणे बूट पिशवीत भरले. लोकल गाठायची होती.

तेजूनं मला खांद्यावरून खाली ठेवलं मात्र, चेंडू निसटला. घरंगळत गेला तो नेमका झुमाच्या पायाशी. तिनं तो तळव्याखाली दाबला.

“गोली, अजून फुटकीच का तुझी पिशवी?” ती हसली. डोळे मात्र लाल होते. “उद्या सगळं जग बघणार आहे. शिव गं तेवढी.” आणि तिनं चेंडू हळूच तेजूकडे सरकवला.

तेजू तिथंच हिरवळीवर बसली. मला मांडीवर घेतलं आणि गळ्यातली सुई सोडली. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा तिचं तोंड तिच्या मांडीवरून, इतकं जवळून पाहिलं.

“तेजस्विनी! हे काय शिवणकाम काढलंस? साडेपाच वाजले!” बर्णालीदी ओरडल्या.

तिनं वर पाहिलं नाही. एक गाठ. दुसरी. पोरी भोवती जमल्या, कुणीतरी फिस्सकन हसलं. तिसरी गाठ. बर्णालीदी यादी हातात घेऊन येऊन उभ्या राहिल्या. चौथी गाठ तिनं आवळली, सुतळी दातानं तोडली आणि मला घेऊन उभी राहिली. खांदे खाली होते. अगदी खाली.

“दीदी, यादी देऊ नका. जाळी हलली नाही, कारण इथं भोक होतं. ते मी बांधलं नव्हतं. झुमाचा तो गोल होता. मी पाहिला होता.”