पंख्याचं बटण

सकाळी दहा वाजता रायपूरच्या गुढियारीत अर्ध्या वस्तीची वीज गेली. मे महिना होता. वीज दुपारी चारला येईल, असं आदल्या दिवशी रिक्षातून पुकारून सांगितलं होतं.

शहराला पुढच्या उन्हाळ्यात वीज कमी पडू नये म्हणून नवी उच्च दाबाची लाइन उभी राहत होती. त्या दिवशी तिच्या तारा जुन्या लाइनवरून पलीकडे न्यायच्या होत्या, म्हणून खालची जुनी लाइन बंद. टॉवरवर चढलेल्या टोळीचा प्रमुख धम्मदीप होता. त्याचं घर याच वस्तीत.

निघताना तो आईला, सत्यभामाबाईंना, म्हणाला होता, "लाइन बंद ठेवाचं परमिट माझ्या नावानं हाये. सगळे खाली उतरले का मी ते वापस करतो, मंगच लाइट सुरू करतात. घरचा पंखा फिरला का समज, तुझा पोट्टा जमिनीवर हाये. फोन नको करू, तो खाली बॅगेत राहते."

सत्यभामाबाईंनी पंख्याचं बटण चालू करून ठेवलं आणि खाली चटई टाकून बसल्या.

त्यांचे यजमान गुलाबराव रेल्वेतून निवृत्त झालेले. दुपारी ते कावले. "पुऱ्या वस्तीले भाजून राहिला तुझा लेक."

"भाजू द्या. त्यानं घाई नाही केली पाहिजे."

"मी काय घाई कर म्हणून राहिलो त्याले?" गुलाबरावांनी पेपर दुमडला आणि बायकोला वारा घालू लागले.

चार वाजले, वीज आली नाही. पाचच्या सुमारास वारा सुटला, दारं आपटू लागली. धाकट्या लेकीला, पायलला, राहवलं नाही. "मम्मी, भैया का फोन बज रहा है, उठा नहीं रहे."

"बॅगेत हाये तो. ठेव तू."

समोरची घरं दुसऱ्या लाइनवर होती, तिथे वीज होती. तिथून शर्मिष्ठादीदी लांब वायर घेऊन आल्या. "काकू, लेकानं तुमचीच लाइट कापली, आमची ठेवली! घ्या, पंखा तरी लावा."

गुलाबराव लगेच उठले, वायर हातात घेतली.

"नको," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"काहून?"

"उसन्या लाइटनं फिरला तं मले कसं समजन?"

गुलाबरावांनी वर पंख्याकडे पाहिलं. मग वायरची गुंडाळी करून ती परत दिली. "राहू दे बेटा. तेवढी गरमी नाही."

त्यांचं बनियन पाठीला चिकटलं होतं. ते बायकोजवळ चटईवर बसले आणि पेपर पुन्हा हलू लागला.

"हात दुखन तुमचा."

"दुखू दे. तू वर पाहा."

सात वाजता वस्तीच्या या बाजूला अंधार होता. वारा थांबला नव्हता. पायलच्या फोनवर धम्मदीपच्या फोनची रिंग नुसतीच जात होती. बटण चालू होतं, पंखा अजून फिरला नव्हता.